इंदुमती सबनीसांचा गुडघा

इंदुमती सबनीस नावाची बाई या जगात नाही. कधीच नव्हती. तिचं नाव मी ठेवलं, तिचा मुलगा मी कॅनडाला पाठवला आणि तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशनही मीच केलं. त्यामुळे गेल्या थंडीत एका दुपारी माझ्या मोबाइलवर कोणी तरी गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार, सबनीसकाकू ना? गुडघा कसा आहे आता?" तेव्हा निवडायला घेतलेली मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

हे नीट कळायला आधी आमचा धंदा सांगायला हवा. मी टेलिकॉलर होते. तुम्ही दुपारी जेवून जरा आडवे झालात की "सर, पर्सनल लोनची गरज आहे का?" असं विचारणारी जी बया असते, ती मी. अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी अशी भाषेप्रमाणे टेबलं. मी मराठी टेबलावर. आधी क्रेडिट कार्ड विकली, मग कर्ज, मग बरीच वर्षं विमा. शेवटी शेवटी नव्या मुलींना शिकवायचं आणि कानाला हेडफोन लावून त्यांचे कॉल ऐकायचे, चुका काढायच्या. लोकांना वाटतं या बायका नंबर फिरवत बसतात. नंबर आम्ही फिरवतच नाही हो. ते मशीन फिरवतं. एकदम पाच-सहा घरी घंटा वाजवतं, जो पहिला "हॅलो" म्हणेल त्याला आमच्या कानात ढकलतं. म्हणून तुम्ही हॅलो म्हटल्यावर पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. ती शांतता आली की समजा, आम्ही आहोत. फुकटात सांगतेय, लक्षात ठेवा.

शिव्या इतक्या खाल्ल्या की विचारू नका. मुलुंडच्या आमच्या चाळीत भांडणं व्हायची तेव्हासुद्धा तसले शब्द कोणी काढले नव्हते. बोरिवलीचे एक गृहस्थ शिट्टी वाजवायचे. पंचाची असते तसली, थेट फोनच्या तोंडात. एकदा मशीनने ते दोन दिवस लागोपाठ माझ्याच कानात टाकले. दुसऱ्या दिवशी मी आधीच म्हटलं, "सर, शिट्टी वाजवा, मी हेडफोन काढून ठेवलाय." मनापासून हसला बिचारा. कार्डही घेतलं त्याने.

आणि घाटकोपरच्या एक बेन होत्या. त्यांना विमा सांगायला जावं तर त्या म्हणायच्या, "बेटा, पॉलिसी बाद में. पहले बोल, खाखरा कितना लिखूं? मेथी का या सादा?" घरी खाखरे करून विकायच्या. आमच्यातल्या एकीने लाजेकाजेस्तव दोन पाकिटं मागवली आणि मग अख्खा मजला बेनचं गिऱ्हाईक झाला. दर आठवड्याला त्यांचा माणूस खोका घेऊन हजर. विक्री कशी करावी याचे धडे आम्हाला ऑफिसने हॉटेलात नेऊन दिले, पण खरं सांगते, बेनचा कॉल ऐकवला असता तरी पुरलं असतं.

आता नावाची गोष्ट. आमच्यात प्रत्येकीचं फोनवरचं नाव वेगळं असतं. पहिल्या दिवशी टीम लीडरने विचारलं, "फोनवर काय नाव घेणार?" मी म्हटलं, "शुभांगी कांबळे. दुसरं काय घेणार?" तो जरा घुटमळला. म्हणाला, "जोशी घे ना यार. आपल्या पब्लिकला बरं वाटतं." शुभांगी जोशी आधीच एक बसलेली होती, म्हणून मी स्मिता जोशी झाले. घरात पगाराची गरज होती, म्हणून हसून घेतलं. पण राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. घसा फोडला कांबळेने आणि लोकांचा विश्वास बसला तो जोशीवर. वर गंमत अशी की ते नावही माझं नव्हतं, ते खुर्चीचं होतं. बाई गेली की नाव पुढचीला मिळायचं, चहाच्या मगासकट.

इंदुमती सबनीस जन्मली ती मी शिकवायला लागल्यावर. नव्या मुलीला एकदम खऱ्या माणसाच्या अंगावर सोडता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकांच्या यादीत एक खोटं गिऱ्हाईक घालून ठेवायचं. मशीनने तो नंबर फिरवला की फोन माझ्या मोबाइलवर यायचा आणि मी सबनीसकाकू व्हायचे. खवचट, बहिरी आणि गुडघ्याचं रडगाणं लावणारी. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे शेरा लिहायची जागा असायची, तिथे मीच स्मिता जोशी या नावाने टाइप केलं होतं, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा कॅनडात, आधी तब्येत विचारावी." तब्येत विचारली की माणूस फोन ठेवत नाही, हे आमचं पहिलं सूत्र. सगळ्या शिकाऊ पोरी माझा गुडघा विचारून तयार झाल्या.

खऱ्या गिऱ्हाइकांपैकी मनात राहिले ते तावडेकाका. चेंबूरला राहायचे, कुठल्याशा कारखान्यात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही, थोरली बहीण आणि ते. आमच्याकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. पण "नको" हा शब्द ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की मी त्यांच्या नावापुढे "नंतर बघू" असं नोंदवायचे. "नको" नोंदवलं असतं तर मशीनने त्यांचा नंबर काढूनच टाकला असता. असं गिऱ्हाईक मशीन नोंदवणारीलाच परत द्यायचं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा माझ्या कानात यायचे. "बोल स्मिता, आज काय विकतेस?" बहिणीने केलेलं भरलं वांगं, खालच्या पिठाच्या गिरणीची कटकट, समोरच्या शाळेची घंटा, सगळं सांगायचे. ते बोलत असताना मागे गिरणी घरघरत असायची आणि गिरणीवाला "ज्वारी कोणाची, ज्वारी?" म्हणून ओरडायचा, तेही ऐकू यायचं. माझे कॉल लांबतात म्हणून लीडर बोंबलायचा. बोंबलू दे.

एकदा फोन लागला तर काका नुसते म्हणाले, "स्मिता, आज काही विकू नकोस. ताई गेली." मी काही विकलं नाही. कानात गिरणी घरघरत राहिली आणि आम्ही दोघं गप्प बसलो. त्या कॉलवर मला ओरडा पडला नाही, बहुतेक लीडरनेही ऐकला असावा.

काकांना मी एक गोष्ट नेहमी बजावायचे. "काका, फोनवर कोणावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा." कारण तोवर आमच्याच धंद्याचं सोंग घेऊन चोर फिरायला लागले होते. आमचं बोलणं, आमचा सूर, आमची "दोन मिनिटं सवड आहे का" तशीच्या तशी. फरक एवढाच की आम्ही नको असलेली वस्तू गळ्यात मारायचो, ते गळाच कापायचे. पुढे मराठी टेबल बंद झालं. खुर्च्या कोणी घेतल्या ते पाहिलं, कंप्युटर कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. मी घरी बसले.

घरी बसले खरी, पण संशय काही सुटला नाही. फोन आला की मी हॅलो म्हणत नाही, समोरचा काय बोलतो ते आधी ऐकते. नाव विचारलं तर "तुम्हाला कोण हवंय?" म्हणते. आमचा नवरा, विलास, कपाळाला हात लावतो. "अगं, कुरियरवाला आहे तो, दरोडेखोर नाही. खाली पावसात उभा आहे बिचारा, विरघळेल." विरघळू दे. आधी काय आणलंय ते सांगू दे. माझ्या सख्ख्या भाचीने नव्या नंबरवरून फोन केला तर तिला मी तिच्या आईचं माहेरचं नाव विचारलं. ती चिडली. पण बरोबर सांगितलं तेव्हाच पुढे बोलले.

तर अशा बाईला फोन आला, "सबनीसकाकू, गुडघा कसा आहे?"

मी चटकन दहा वर्षांनी म्हातारी झाले. "कोण गं बाई? ऐकू येत नाही."

"काकू, मी स्मिता. स्मिता जोशी. विसरलात?"

 माझं नाव मलाच ऐकवत होती. इंदुमती सबनीस आमच्या यादीबाहेर कुठेही नव्हती, म्हणजे यादी कोणाच्या तरी हाती लागली होती हे उघड होतं. तावडेकाका त्याच यादीत होते. पण फोन ठेवला असता तर पुढचं कळलं नसतं. म्हणून मी गुडघ्याचं रडगाणं लावलं आणि तिला बोलू दिलं.

पोरगी तयारीची होती. म्हणाली, "काकू, तुमच्या जुन्या पॉलिसीवर मोठा बोनस अडकलाय. सोडवून घ्यायचा तर थोडी रक्कम भरायला लागेल. मी आहे ना, सगळं करून देते." मी म्हटलं, "भीती वाटते गं. हल्ली फार फसवतात." की तिने लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा दाखला दिला. हेही आमचंच सूत्र. माणूस घाबरला की त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगायची, नाव न घेता.

"अहो काकू, चेंबूरला एक काका आहेत. एकटेच असतात, खाली पिठाची गिरणी. त्यांची बिल्डिंग आता पाडणार आहेत. नवी होईपर्यंत दुसरीकडे राहायचं म्हणून बिल्डरने तीन वर्षांचं भाडं एकरकमी दिलंय. तेही असेच घाबरत होते. आता रोज बोलतात माझ्याशी. उद्या दुपारी फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून घेणारेत, की त्यांचं काम फत्ते."

मी म्हटलं, "बरं गं बाळ, उद्या कर फोन," आणि ठेवला. 

ते अ‍ॅप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकदा टाकलं की तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसतो. बँकेचा ओटीपी तुम्हाला आला की तुमच्याआधी ते वाचतात. काकांचं तीन वर्षांचं भाडं चहा गाळायच्या आत गेलं असतं. इमारत पडणार, हातात पैसा नाही, पाठीमागे कोणी नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाने जायचं कुठे?

विलास म्हणाला, "पोलिसांना कळव." कळवलं ना. तक्रारीच्या नंबरवरचा मुलगा सभ्य होता, त्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या काकांचा नंबर?" नंबर कुठून आणू? गिऱ्हाइकाचा नंबर घरी न्यायचा नाही हा आमच्याकडे कडक नियम, आणि मशीन फिरवायचं म्हणून आम्हाला तो पाठही नसायचा. पत्ता नाही, पहिलं नाव नाही. होती ती गिरणी आणि शाळेची घंटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबूर गाठलं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "शाळेसमोर पिठाची गिरणी असलेली बिल्डिंग हवी." तो म्हणाला, "मावशी, दळण कुठंय?" पहिल्या गिरणीसमोर शाळा नव्हती. दुसऱ्या गिरणीवर घरच नव्हतं, पत्रे होते. रिक्षावाल्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय, पण मीटर चालू होतं म्हणून त्याने तोंड बंद ठेवलं. तिसऱ्या ठिकाणी उतरले आणि पाय थबकले. जुनी तीन मजली इमारत, अर्धी घरं रिकामी झालेली, खिडक्यांची तावदानंसुद्धा काढून नेलेली. खाली गिरणी घरघरत होती. ती घरघर मी वर्षानुवर्षं कानात घालून बसले होते. तेवढ्यात समोरच्या शाळेची घंटा झाली आणि गिरणीवाला ओरडला, "बाजरी कोणाची?" पैसे देऊन मी वर पळाले.

पहिल्या मजल्यावर तावडे अशी पाटी होती. बेल वाजवली. आतलं दार थोडं किलकिलं झालं, बाहेरचं जाळीचं दार बंदच.

"कोण?"

"तावडेकाका ना? काका, मी स्मिता. ऑफिसातून फोन करायची ती."

आतला आवाज म्हणाला, "स्मिता फोनवर असते."

"आज आलेय ना प्रत्यक्ष."

"ओळखपत्र दाखवा."

मी जाळीतून आधार कार्ड आत सरकवलं. आत चष्मा शोधला गेला. बराच वेळ वाचन झालं. मग कार्ड जाळीतून परत आलं.

"हे शुभांगी कांबळे आहे."

"तेच माझं खरं नाव, काका. स्मिता जोशी हे फोनवरचं."

"म्हणजे नाव खोटं."

"नाव खोटं. मी खरी."

"असंच म्हणतात सगळे," काका म्हणाले. "आणि तुमचा आवाजही तिचा नाही. स्मिता कशी हळुवार बोलायची. तुम्ही तर भांडायला आल्यासारख्या बोलताय."

 जिना चढून धाप लागलेली, त्यात वेळ चाललेली. आणि खरंच, घरचा आवाज वेगळा आणि फोनवरचा वेगळा. मी म्हटलं, "काका, तुम्हाला जी रोज फोन करते ना, ती चोर आहे. दुपारी अ‍ॅप टाकायला सांगेल. टाकू नका."

"हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही त्यांच्यातल्या आहात का?"

बोंबला! मी दिलेला धडा म्हातारा मलाच शिकवत होता. चिडावं की पाया पडावं तेच मला कळेना. शेवटी काका म्हणाले, "असं करा. तुमचा नंबर सांगा. खाली जिन्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहा. मी फोन लावतो. मी स्मिताला फोनवरच ओळखतो, इथे नाही."

मी नंबर सांगितला. वळणावर जाऊन उभी राहिले. भिंतीला पोपडे, कोपऱ्यात कोणी टाकून गेलेला पाट आणि तुळशीची रिकामी कुंडी. फोन वाजला. इतकी वर्षं मी लोकांना फोन केले, पण या फोनइतकी कधी घाबरले नव्हते. घसा खाकरला. पाठ ताठ केली. ऑफिसात आम्हाला सांगायचे की ओठावर हसू ठेवून बोललं की आवाजात उतरतं. त्या पोपड्यांकडे बघून मी हसले.

"नमस्कार तावडेकाका, मी स्मिता. दोन मिनिटं सवड आहे का?"

  पलीकडून प्रश्न आला.

"मी तुझ्याकडून आजवर काय काय घेतलं?"

"तुम्ही?" मला इतकं हसू आलं की आवाज पार बिघडला. "काका, तुम्ही एवढ्या वर्षांत माझ्याकडून एक टाचणी घेतली नाहीत! कार्ड नाही, कर्ज नाही, पॉलिसी नाही. तुमच्यापायी किती बोलणी खाल्ली मी!"

वरचं जाळीचं दार करकरलं.

काका माझ्या मनातल्यापेक्षा फार बारीक निघाले. घरात खोकी बांधून ठेवलेली, खुर्ची एकच उघडी. मला तिच्यावर बसवलं, स्वतः खोक्यावर बसले. चहा त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"काका, तुम्ही पॉलिसी घेतलीच नाहीत. मग बोनस कसला अडकणार? तुम्हाला हे कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? पहिल्याच दिवशी कळलं. आवाजही तुझा नव्हता."

"मग?"

काका कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "ती रोज फोन करते गं. औषध घेतलं का विचारते. काय शिजवलं विचारते. मधून मधून कसली कसली फी म्हणून थोडे पैसे मागते. देतो. केबलवाल्याला नाही देत? पेपरवाल्याला नाही देत?"

मी डोकं धरून बसले. इतकी वर्षं गिऱ्हाईक कसं फसतं ते शिकले, शिकवलं, पण हा माणूस फसलाच नव्हता. डोळे उघडे ठेवून पैसे मोजत होता.

"काका, फीपुरतं ठीक होतं एक वेळ. हे अ‍ॅप टाकलंत की भाड्याचे सगळे पैसे जातील. सगळे. पुढच्या महिन्यात हे घर नाही. कुठे राहणार तुम्ही?"

"एवढं करेल ती?" काका म्हणाले. त्यांना खरंच वाटत नव्हतं. "काल खोकला होता मला, तर हळद-दूध घ्या म्हणाली."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. आवाज तोच, गोड.

"काका, जेवण झालं ना? चला, आज आपलं काम करून टाकू. मी एक लिंक पाठवलीय, तिच्यावर बोट ठेवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो फोन हिसकावून भिंतीवर आपटावासा वाटत होता. पण फोन त्यांचा, पैसे त्यांचे, आणि मी हिसकावला असता तर उद्या तिने पुन्हा केला असता. मी साडीचा पदर मुठीत धरून बसून राहिले. काकांचं बोट पडद्यावर होतं. ते म्हातारं बोट जरासं हललं.

"थांब जरा," काका तिला म्हणाले. "घरी स्मिता आलीय."

"कोण स्मिता?" ती म्हणाली.

मग तिलाच कळलं आपण काय बोललो ते. तिच्या मागून कोणी तरी हिंदीत ओरडलं, "काट, काट!" आणि फोन बंद.

मी मोठ्याने हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हाताखालच्या एकाही मुलीने इतकी वाईट चूक केली नव्हती. मग म्हटलं, आधी कामाचं बघावं. काकांना त्यांच्या कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेत फोन करायला लावला. मी सांगितलेल्या नंबरवर नाही, कार्डावरच्या. भाड्याचे पैसे जागच्या जागी होते. तिचा नंबर ब्लॉक केला, ती लिंक काढून टाकली, तक्रार काकांच्या नावाने नोंदवली. मी मनात खूश होते. आता संध्याकाळी विलासला सगळं तिखटमीठ लावून सांगायचं, असं ठरवतही होते.

काका हसले नव्हते. ते बंद फोनकडे बघत होते.

"गेली," ते म्हणाले.

"गेली ती बरंच झालं, काका."

"हो. बरं झालं." मग थोड्या वेळाने, "उद्यापासून कोण करणार फोन?"

"मी करीन ना!"

"तू?" त्यांनी मान वर केली. रागावलेले नव्हते, नुसतं विचारत होते. "ऑफिस सुटल्यावर एकदा तरी केलास?"

"काका, नंबर ऑफिसात राहिला. घरी न्यायचा नियमच नव्हता. तुमचा नंबर माझ्याकडे नव्हता हो."

"नंबर नव्हता," काका म्हणाले. "घर तर आज सापडलं ना?"

गिऱ्हाईक काय काय म्हणेल आणि त्यावर काय बोलायचं, याचं एक जाड पुस्तकच्या पुस्तक मला पाठ होतं. "विचार करून सांगतो" म्हणालं तर काय बोलायचं, "बायकोला विचारतो" म्हणालं तर काय बोलायचं. याला माझ्याकडे काही नव्हतं. खाली गिरणी बंद पडली होती, दुपारची सुट्टी असावी, आणि मला खूप रडू आलं. काकांनी उठून माझा थंड झालेला चहा ओतून टाकला आणि परत आधण ठेवलं.

निघताना मी फोन हातात घेऊन म्हटलं, "तुमचा नंबर सेव्ह करते हं काका." ते म्हणाले, "फोन राहू दे आता. मी उचलणार नाही, तू असलीस तरी." मग नव्या भाड्याच्या घराचा पत्ता सांगितला. विंग, मजला, खोली, लिफ्टमधून बाहेर पडून कोणत्या हाताला वळायचं तेही. मी टाइप करायला लागले तर थांबवलं, पाठ करायला लावलं आणि दारात उभं करून माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.